वर्षाची बेकारी आणि आठवड्याची बेकारी

रात्रीच्या चर्चेत एका बिझनेस स्कूलचे प्राध्यापक सांगतात, देशात बेकारी फक्त ३.२ टक्के आहे. शेजारच्या चौकटीतले दुसरे, तेही बिझनेस स्कूलचेच, मान हलवतात: छे, पाच टक्क्यांच्या वर आहे. निवेदक दोघांना झुंजवतो आणि घरी बसलेला माणूस ठरवून टाकतो की यातला एक जण नक्की फेकतोय. बहुतेक वेळा फेकत कोणीच नसतं. दोघांच्या हातात एकाच सरकारी पाहणीचे कागद असतात, फक्त रकाने वेगळे.

ही पाहणी म्हणजे पीएलएफएस, २०१७ पासून चालू असलेलं श्रमबल सर्वेक्षण. पाहणी करणारा घरी येतो आणि प्रत्येकाच्या कामाबद्दल दोनदा विचारतो. एकदा मागच्या ३६५ दिवसांबद्दल, एकदा मागच्या ७ दिवसांबद्दल. पहिल्या उत्तरातून निघते ती ‘सामान्य स्थिती’, दुसऱ्यातून ‘चालू साप्ताहिक स्थिती’. नावं सरकारी आहेत, म्हणून मी आपलं वर्षाची बेकारी आणि आठवड्याची बेकारी म्हणतो.

वर्षाच्या मोजणीत माणूस बेकार ठरणं फार अवघड. वर्षातला बराच काळ तो रिकामा असला, पण मधे जोडधंदा म्हणून ३० दिवस जरी काही काम केलं असेल, तरी तो कामावर धरला जातो. आठवड्याच्या मोजणीत सात दिवसांतल्या कुठल्याही दिवशी एक तास काम केलेलं पुरतं. एक तासाची अट ऐकून हसू येतं खरं, पण सात दिवस कोरडे जायला वेळ लागत नाही. वर्ष पूर्ण कोरडं जाणं गरिबाला परवडतच नाही.

बीडचा ऊसतोड कामगार घ्या. मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या आसपास टोळी निघते, हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत कोयता चालतो. नंतर गावी परत. जूनमध्ये पाऊस लांबला, पेरणी नाही, मजुरी नाही, गडी रोज काम विचारत फिरतोय. त्या आठवड्यात पाहणीवाला दारात आला, तर हाच माणूस एका रकान्यात रोजगारवाला आणि दुसऱ्यात बेकार. खोटं दोन्हींत काहीच नाही. वर्षात त्याला काम होतं, या आठवड्यात नाही.

आता आकडे बघा. २०२३-२४ मध्ये १५ वर्षांवरच्या लोकांत वर्षाच्या मोजणीने बेकारी ३.२ टक्के, आठवड्याच्या मोजणीने ४.९. पुढे २०२५ पासून सरकारने दर महिन्याचा आकडा द्यायला सुरुवात केली आणि पहिलाच, एप्रिल २०२५ चा, आला ५.१ टक्के. तो आठवड्याच्या मोजणीचा. कुणी तो जुन्या ३.२ शेजारी ठेवून ‘बेकारी एकदम दोन टक्क्यांनी उसळली’ म्हणेल, तर ते उसाचं वजन रसाशी ताडून बघण्यासारखं आहे.

फरक सगळ्यात उघडा पडला तो करोनाच्या वर्षी. जुलै २०१९ ते जून २०२० या वर्षात शेवटच्या तीन महिन्यांतले बहुतेक दिवस देश कुलूपबंद होता. आणि वर्षाची बेकारी? आदल्या वर्षीच्या ५.८ वरून ४.८ वर उतरलेली! मे महिन्यात घरी बसलेल्या माणसाला मागचे ३६५ दिवस विचारले, तर त्यातले नऊ-दहा महिने तो कामावर होताच. म्हणून तो रोजगारवाला. आठवड्याच्या मोजणीने मात्र शहरांमध्ये एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत बेकारी २० टक्क्यांच्या वर गेली होती. त्या वेळी ४.८ चा आकडा तोंडावर फेकणारे मला आजही आठवतात. आकडा बरोबर होता. पण तेव्हा विचारला जाणारा प्रश्न वेगळा होता.

म्हणून वर्षाची मोजणी टाकाऊ आहे असं नाही. दहा वर्षांत लोक शेतीतून बाहेर पडले का, बायका कामावर येऊ लागल्या का, असे संथ बदल तिच्यातच दिसतात. या महिन्यात काय बिघडलं हे विचारायचं असेल तर ती बहिरी आहे, इतकंच. तज्ज्ञाने कुठला रकाना उचलला यावरून त्याला काय सिद्ध करायचंय याचा थोडा वास येतो, पण ‘कुठल्या मोजणीने’ हे दोन शब्द गाळले की मात्र तो माझ्या लेखी नापास.

(मुंबईच्या सीएमआयई या खासगी संस्थेचा आकडा आणखी वर असतो. तिथे पद्धतच निराळी, त्यामुळे तो या दोहोंच्या पंगतीत बसवू नये.)

आणि दोन्ही दरांचा छेद म्हणजे त्या त्या मोजणीतलं श्रमबल: काम करणारे अधिक काम शोधणारे किंवा मिळालं तर करायला तयार असलेले. शोधून थकलेला, आता कामाला तयारही नसलेला माणूस दोन्हींतून गळतो. उलट घरच्या म्हशींचं सगळं करणारी, हातात पैसा न येणारी सून ‘घरच्या धंद्यातली मदतनीस’ म्हणून दोन्हींत कामावर. १५ वर्षांवरच्या बायकांपैकी श्रमबलात असलेल्यांचं प्रमाण वर्षाच्या मोजणीने २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ वर गेलं, त्यात अशा सुना बऱ्याच आहेत.

बेकारी मोजायच्या या पट्ट्या आल्या कुठून? मुंबई विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीने १९७० मध्ये सांगितलं की भारतासारख्या देशात बेकारी एकाच आकड्यात कोंबू नका. त्यानंतर राष्ट्रीय नमुना पाहणीने १९७२-७३ च्या फेरीत तीन पट्ट्या लावल्या. म्हणजे नेमकं आपल्याकडे दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती तेच वर्ष. त्या तीन पट्ट्या म्हणजे वर्षाची, आठवड्याची, आणि तिसरी दिवसाची, जिच्यात अर्धा अर्धा दिवस मोजला जाई.

मजूर अड्ड्यावर सकाळी सातला उभा राहणारा, आठवड्यातून दोनच दिवस गाडीत बसायला मिळणारा माणूस वर्षाच्या मोजणीत कामावर आहे आणि आठवड्याच्याही. त्याचे रिकामे पाच दिवस फक्त त्या तिसऱ्या पट्टीवर दिसले असते. पीएलएफएस सुरू झाली तेव्हा ती पट्टी मागे राहिली.