अ‍ॅव्हरेज किती, हे पलासियाला विचारा

इंदूरमध्ये कोणी गाडी घेतली की पेढ्याआधी प्रश्न येतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" रामबागेतल्या आमच्या मामांनी गेल्या महिन्यात दोन सेडान हेरल्या. एक जुन्या बाजारातली मारुती सियाझ 'स्मार्ट हायब्रिड', दुसरी कोरी होंडा सिटी ई-एचईव्ही. किमतीत दुपटीहून जास्त फरक. "दोन्ही हायब्रिडच ना रे? मग मी काय वेडा आहे जास्त मोजायला?"

हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर. शब्द एकच, पण यंत्रं निराळी. सियाझमधली छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते आणि सिग्नलवर थांबलेलं इंजिन पुन्हा चालू करते. एकटीच्या बळावर ती गाडी ओढू शकत नाही. सिटीत उलटा कारभार. शहरात चाकं फिरवते ती मोटर आणि इंजिन मागे बसून जनरेटर चालवतं. हायवेच्या वेगाला मात्र क्लच जुळतो आणि इंजिन थेट चाकांना धरतं. टोयोटा कॅमरीची तऱ्हा तिसरीच. तिथे इंजिन आणि दोन मोटरी दातेरी चक्रांच्या एका संचात गुंफलेल्या असतात. मधल्या चक्राभोवती छोटी चक्रं ग्रहांसारखी फिरतात आणि ताकदीची वाटणी होते. 1997 साली जपानमध्ये आलेल्या प्रियसपासून टोयोटाची ही मांडणी चालत आली आहे.

"आणि चार्जिंग कुठे करायचं?" कुठेच नाही, मामा. यांना प्लगच नसतो. सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलचीच. मग बचत कुठली? खरी गंमत इथेच आहे.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. घरच्या विजेच्या बिलावर असतं तेच युनिट. चांगलं इंजिन त्याच्या आवडत्या वेगाला यातला जेमतेम चाळीस टक्के भाग कामाला लावतं. सराफ्याच्या गर्दीत रांगताना तेच प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली घसरतं. सिटी-कॅमरीसारख्या हायब्रिडमध्ये रांगायचं काम मोटरकडे जातं आणि इंजिन चालतं तेव्हा सोयीच्या वेगाला चालतं.

शिवाय हे इंजिनही वेगळ्या वळणाचं, अ‍ॅटकिन्सन चक्राचं. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज माणसाची ही कल्पना 1880च्या दशकातली. आताच्या इंजिनांत हवा आत घेणारी झडप उशिरा मिटते, त्यामुळे दाबण्यापेक्षा फैलावण्याचा टप्पा लांब होतो आणि जळालेल्या वायूकडून जास्त काम काढून घेता येतं. जोर थोडा कमी पडतो, तो मोटर भरून काढते.

उरला ब्रेक. दीड टन वजनाची गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिच्या गतीत सुमारे 0.04 युनिट ऊर्जा असते. आकडा किरकोळ वाटतो, पण शहरात तेवढी ऊर्जा चाकांपर्यंत पोचवायला वीसेक मिलिलिटर पेट्रोल जळलेलं असतं. साधी गाडी ब्रेक लावून ती सगळी उष्णता करून टाकते. हायब्रिडमध्ये मोटरच जनरेटर बनते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत टाकते. इंदूरच्या गर्दीतल्या पलासिया चौकापासून राजवाड्यापर्यंत किती वेळा थांबता, मोजून बघा. बायपासवर एका वेगाने जाताना ब्रेकच लागत नाही, तर परत मिळवणार काय?

भेरूघाट उतरताना याची हद्दही दिसते. दर शंभर मीटर उताराला दीड टनाची गाडी सुमारे 0.4 युनिट मोकळं करते, आणि या बॅटऱ्या तर साधारण एखाद्या युनिटच्या. बॅटरी भरली की गाडी इंजिनाच्या मदतीने वेग आवरते. पाय पेडलवर नसताना इंजिन गुरगुरतं, ते बिघडलेलं नसतं.

छापील अ‍ॅव्हरेजचं म्हणाल, तर 2022 साली सिटी हायब्रिड आली तेव्हा तिच्या नावापुढे लिटरला 26.5 किलोमीटर होतं. हे आकडे चाचणीकेंद्रात, रोलरवर, ठरलेल्या वेगाने गाडी चालवून काढतात. तिथे पलासिया नसतो. म्हणून मामांना मी कागद-पेन्सिल दिली. वर्षाला दहा हजार किलोमीटर सगळे शहरात, साध्या गाडीचं 12 आणि हायब्रिडचं 20 धरलं, तर 333 लिटर वाचतात. सगळे हायवेचे, 18 विरुद्ध 21 धरले, तर 79 लिटर. साध्या आणि हायब्रिड गाडीच्या किमतीतला फरक तीन-चार लाखांचा असेल, तर शहरातही तो फिटायला आठ-दहा वर्षं सहज लागतात. आठ वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर, एवढीच बॅटरीची वॉरंटीही. पैसे वाचवायला हायब्रिड घ्यायची, तर रोज गर्दीत फिरणाऱ्यानेच घ्यावी. शांत गाडी आणि सिग्नलवर इंजिन बंद असूनही चालणारा एसी यासाठी घेत असाल, तर तो हौसेचा खर्च आहे आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

मामांनी टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी सातची मागून घेतली, राजवाड्याच्या बाजूची. मामी टेप घेऊन डिकी मोजायला गेल्या. साध्या सिटीत 506 लिटर, हायब्रिडमध्ये 306, कारण मागे बॅटरी बसते. "दिवाळीला पुण्याला जाताना शेव-चिवड्याचे डबे काय तुमच्या मांडीवर ठेवू?" मामा अजून हिशोब करतायत.