व्हायरस निघतो, फाइल्स उघडत नाहीत: रॅन्समवेअरची पार्श्वभूमी

फोटोंच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल्सच्या नावापुढे कुठलीतरी अनोळखी शेपटी लागलेली असते, एकही फोटो उघडत नाही आणि शेजारी पैसे मागणारी एक छोटी टेक्स्ट फाइल दिसते. घरच्या कॉम्प्युटरवर रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स किंवा कॉम्प्युटर अडवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, बहुतेकांना भेटते ते असे. मग अँटिव्हायरस चालवला जातो. तो काहीतरी पकडतो, काढून टाकतो आणि आता धोका नाही असे सांगतो. फोटो मात्र तसेच बंद. ‘रॅन्समवेअर कसे काढायचे’ असे विचारणाऱ्याला खरे तर दोन गोष्टी हव्या असतात: प्रोग्रॅम जावा आणि फाइल्स परत मिळाव्यात. सुरुवातीला या दोन्ही गोष्टी एकाच झटक्यात साधत. पुढे त्यांची फारकत झाली.

डिसेंबर १९८९ मध्ये सुमारे २०,००० फ्लॉपी डिस्क टपालाने वेगवेगळ्या देशांत पोचल्या. त्यांवर एड्सविषयी माहिती देणारा प्रोग्रॅम होता. तो तयार करणारा जोसेफ पॉप हा अमेरिकी जीवशास्त्रज्ञ. प्रोग्रॅम सांगितलेले काम करायचा, पण सोबत ‘ऑटोएक्सेक.बॅट’ ही कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप चालणारी फाइल बदलून कॉम्प्युटर किती वेळा सुरू झाला याची मोजदादही ठेवायचा. साधारण ९० वेळा झाल्या की फोल्डर लपवायचा, फाइल्सची नावे सांकेतिक करून टाकायचा आणि पीसी सायबोर्ग कॉर्पोरेशनच्या नावाने पनामातल्या पोस्टबॉक्सवर १८९ डॉलर पाठवायला सांगायचा. डिस्कसोबतच्या छापील परवान्यात पैसे न दिल्यास कॉम्प्युटर नीट चालणार नाही असा इशारा होता म्हणे. परवाने तेव्हाही कोणी वाचत नव्हते!

या प्रोग्रॅमने फाइल्सच्या आतल्या मजकुराला हात लावलेला नव्हता. शिवाय नावे बदलण्याची किल्ली त्याच्याच पोटात होती. जिम बेट्स या ब्रिटिश तज्ज्ञाने तो उकलून व्हायरस काढणारे आणि नावे पूर्ववत करणारे प्रोग्रॅम फुकट वाटले. पॉपला अटक झाली, पण मानसिक स्थितीमुळे ब्रिटनमध्ये त्याच्यावर खटला चालू शकला नाही.

पॉपच्या कामातली ही उणीव १९९६ मध्ये ॲडम यंग आणि मोटी युंग या संशोधकांनी एका शोधनिबंधात नेमकी मांडली. धोका आधी ओळखता यावा हा त्यांचा हेतू. सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीत किल्ल्या दोन असतात: एकीने फक्त बंद करता येते, दुसरीने उघडता येते. व्हायरससोबत पहिलीच पाठवली आणि दुसरी हल्लेखोराने स्वतःकडे ठेवली, तर व्हायरसचा कणन्कण तपासूनही उघडण्याची किल्ली हाती लागणार नाही. आजचे रॅन्समवेअर याच तत्त्वावर चालते. फाइल्स वेगवान पद्धतीने, बहुधा एईएस या एकाच किल्लीच्या पद्धतीने, बंद होतात आणि त्या एईएसची किल्ली हल्लेखोराच्या सार्वजनिक किल्लीने बंद केली जाते. अँटिव्हायरसला प्रोग्रॅम पकडता येतो, पण जी किल्ली त्या कॉम्प्युटरवर नाहीच ती तो आणणार कुठून?

ही कल्पना गुन्हेगारांच्या हाती नीट बसायला दहा-बारा वर्षे गेली. जीपीकोड या रॅन्समवेअर मालिकेने आरएसए या सार्वजनिक किल्लीच्या पद्धतीतली किल्ली वापरली: २००६ मध्ये ६६० बिटांची, तर २००८ मध्ये १,०२४ बिटांची. बिट जितके जास्त तितकी किल्ली फोडणे अवघड. २००८ ची आवृत्ती कोणाला फोडता आली नाही, पण तिच्यात एक ढिलाई सापडली. ती बंद केलेली नवी प्रत लिहून मूळ फाइल नुसती डिलीट करायची. डिलीट झालेली फाइल जागा पुन्हा वापरली जाईपर्यंत डिस्कवर शिल्लक असते, त्यामुळे फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने बरेच काही परत मिळवता येई. गुन्हेगारही यातून शिकले. नंतरचे बरेच रॅन्समवेअर मूळ फाइलवरच लिहितात आणि विंडोजने आपोआप ठेवलेल्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, पुसून टाकतात.

मध्येच एक वेगळीच लाट आली, आणि माझ्या मते आजचा बराचसा गोंधळ तिच्यामुळेच आहे. २०१२ च्या सुमारास रेव्हेटनसारखे प्रोग्रॅम पडदा अडवून बसायचे. पोलिसांचे बोधचिन्ह, ‘तुम्ही बेकायदा मजकूर पाहिला’ असा आरोप, कधी वेबकॅमचे चित्र आणि प्रीपेड व्हाउचरने दंड भरण्याची मागणी. फाइल्स बहुतेक वेळा शाबूत असत. सेफ मोडमध्ये (मोजक्याच प्रोग्रॅमसह विंडोज सुरू करून) किंवा कॉम्प्युटर बाहेरून सुरू करणाऱ्या रेस्क्यू डिस्कवरून तो प्रोग्रॅम उडवला की काम झाले. ‘काढून टाका, सगळे पूर्ववत होईल’ हा सल्ला त्या काळात बरोबर होता. पुढच्याच वर्षी तो जुना झाला, तरी अजून फिरतो आहे.

सप्टेंबर २०१३ मध्ये आलेल्या क्रिप्टोलॉकरने २,०४८ बिटांची किल्ली, ७२ तासांची मुदत आणि बिटकॉइन यांची सांगड घातली. पैसे घेताना पकडले जाण्याची भीती कमी झाली आणि धंदा फोफावला. क्रिप्टोलॉकरच्या फाइल्स पुढे उघडल्या त्या गणिताने नव्हे. जून २०१४ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी त्यामागचे गेमओव्हर झ्यूस हे बाधित कॉम्प्युटरांचे जाळे मोडले, किल्ल्यांचा साठा हाती आला आणि ऑगस्टमध्ये लोकांना त्या मोफत मिळू लागल्या. टेस्लाक्रिप्ट या दुसऱ्या रॅन्समवेअरच्या कर्त्यांनी मे २०१६ मध्ये धंदा बंद करताना मुख्य किल्ली स्वतःच देऊन टाकली. त्याच वर्षी जुलैत नेदरलँड्सचे पोलिस, युरोपोल ही युरोपीय पोलिस संस्था आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी ‘नो मोअर रॅन्सम’ हा उपक्रम सुरू केला. अशा किल्ल्या आणि त्यांवर चालणारी मोफत साधने आज तिथे एकत्र मिळतात.

१२ मे २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने आणखी एक वाट दाखवली. ज्या त्रुटीतून तो पसरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती न घेतलेले कॉम्प्युटर सापडले. पण काही जुन्या विंडोजवर किल्ली बनवताना वापरलेल्या मूळ संख्या मेमरीत राहून जात, आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट केलेला नसेल तर त्यांवरून किल्ली पुन्हा जुळवता येई. पुढच्याच महिन्यातल्या नॉटपेट्याने उलटा धडा दिला. त्याचा पडदा खंडणी मागायचा, पण फाइल्स परत देण्याची सोयच त्यात नव्हती.

त्यानंतर मोठ्या टोळ्या कंपन्या आणि रुग्णालयांकडे वळल्या. घरच्या कॉम्प्युटरच्या वाट्याला राहिला तो प्रामुख्याने स्टॉप किंवा डीजेव्हीयू हा परिवार. तो येतो मुख्यतः क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून. काम चालू असताना विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवतो, मदत शोधता येऊ नये म्हणून होस्ट्स फाइल (वेबसाइटचे पत्ते वळवू शकणारी फाइल) बदलतो, विंडोजच्या ठरावीक वेळी कामे चालवणाऱ्या शेड्युलरमध्ये नोंद करून पुन्हा पुन्हा चालतो, आणि अनेकदा सोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही आणतो. मागणी ९८० डॉलरची, ७२ तासांत दिल्यास निम्मी. सर्व्हरशी संपर्क झाला तर प्रत्येकासाठी वेगळी किल्ली वापरली जाते. नाही झाला तर पोटातली ठरावीक ‘ऑफलाइन’ किल्ली. एखाद्या आवृत्तीची ऑफलाइन किल्ली कळली की तिने बंद झालेल्या सगळ्यांच्या फाइल्स उघडतात. एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीचे २०१९ मध्ये आलेले मोफत साधन बऱ्याच अंशी याच आधारावर चालते. शिवाय हा प्रोग्रॅम घाईत असतो आणि प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे १५० किलोबाइट भागच बंद करतो. त्यामुळे छोटा फोटो पूर्ण जातो, पण मोठा व्हिडिओ कधीकधी दुरुस्त होऊ शकतो.

हा इतिहास पाहिला की उपायांचा क्रम का महत्त्वाचा ते कळते. शेपट्या लागण्याचे काम चालू असेल तर कॉम्प्युटर बंद करावा. ते संपून गेले असेल तर इंटरनेट आणि बाहेरच्या डिस्क काढाव्यात, क्लाउडचे सिंक थांबवावे आणि घाईने रीस्टार्ट करू नये. खंडणीची चिठ्ठी आणि एकदोन बंद फाइल्स वापरून ‘नो मोअर रॅन्सम’वर परिवार ओळखता येतो. प्रोग्रॅम काढण्याआधी फाइल्स उघडण्यात अर्थ नाही, तो त्या पुन्हा बंद करेल. साफ करण्यापेक्षा मी तरी विंडोज नव्याने टाकण्याच्या बाजूचा आहे, पण त्याआधी बंद फाइल्स चिठ्ठीसकट वेगळ्या डिस्कवर काढून ठेवाव्यात. किल्ल्या वर्षांनीही बाहेर येतात. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत. बॅकअप असेल तर तो यानंतरच जोडावा. जोडून ठेवलेली बॅकअप डिस्क रॅन्समवेअरला इतर कुठल्याही ड्राइव्हसारखीच दिसते.

उघडण्याचे साधन शोधताना पहिल्याच लिंकवर क्लिक करू नये. २०२० मध्ये झोराब नावाचे एक रॅन्समवेअर डीजेव्हीयूच्या फाइल्स उघडणारे मोफत साधन म्हणून पसरवले गेले. ज्यांनी ते चालवले त्यांच्या आधीच बंद असलेल्या फाइल्स दुसऱ्यांदा बंद झाल्या.