मनुष्यबळ म्हणजे नेमकी किती माणसं?

‘मनुष्यबळ अपुरं आहे’ हे वाक्य रुग्णालयापासून कारखान्यापर्यंत सगळीकडे कानावर पडतं. त्यातलं ‘बळ’ शब्दशः घेतलं, तर धडधाकट माणूस दिवसभर राबताना साधारण 75 वॅट शक्ती देतो. एका अश्वशक्तीचा हा जेमतेम दहावा हिस्सा. पण आज आपण हा शब्द स्नायूंसाठी वापरत नाही. कामासाठी उपलब्ध असलेली माणसं, असा त्याचा अर्थ. आणि सगळी मेख ‘उपलब्ध’ या शब्दात आहे.

संख्याशास्त्रात यासाठी ‘श्रमशक्ती’ हा काटेकोर शब्द आहे. तिच्यात दोनच गट येतात: काम करणारे आणि बेरोजगार. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येनुसार पाहणीच्या आठवड्यात मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी एक तास जरी काम केलं, तरी माणूस रोजगारात धरला जातो. बेरोजगार ठरायला नुसतं रिकामं असून भागत नाही. काम शोधत असायला हवं आणि मिळालं तर करायची तयारीही हवी.

या अटीमुळे आकडे कसे फिरतात पाहा. समजा, 100 प्रौढांपैकी 55 जण कामावर आहेत आणि 5 जण काम शोधताहेत. श्रमशक्ती 60, बेरोजगारी 8.3 टक्के. आता शोधणाऱ्यांपैकी तिघांनी खेटे घालून थकल्यामुळे नाद सोडला. श्रमशक्ती 57 वर आली आणि बेरोजगारी 3.5 टक्क्यांवर घसरली. नवी नोकरी मात्र एकालाही लागलेली नाही! म्हणूनच बेरोजगारी घटल्याची बातमी वाचली, की मी आधी श्रमशक्तीतल्या सहभागाचा दर बघतो.

मला सर्वांत जास्त खटकतं ते घरकामाचं. पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वयंपाक, धुणंभांडी, आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी बाई केवळ तेवढ्यावर श्रमशक्तीत येत नाही. 2013 साली श्रम संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या विनामोबदला राबण्याला ‘काम’ म्हणून मान्यता दिली, पण ‘रोजगार’ म्हणून नाही. त्याच ठरावात ‘संभाव्य श्रमशक्ती’ हा गटही आला. काम करायला तयार, पण शोधणं सोडून दिलेले आपले ते तिघे आता त्यात मोजता येतात. बेरोजगारीच्या नेहमीच्या दरात मात्र ते अजूनही नसतात.