उत्तर चुकलेलं नाही, आवृत्ती वेगळी आहे

(बी.कॉम. आणि बी.बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं आमचं व्यवसाय-परिचयाचं पाठ्यपुस्तक वापरणाऱ्यांसाठी)

जुलैत कॉलेजं सुरू झाली की पंधरा दिवसांत एक फोन येतो आणि मग दिवाळीपर्यंत तोच येत राहतो. "काका, नवव्या प्रकरणातल्या चौथ्या गणिताचं उत्तर चुकीचं छापलंय. माझं 2,500 येतंय, उत्तरपुस्तिकेत 2,250 आहे. आमच्या सरांचंही 2,500च आलं."

गणित वडापावच्या गाडीचं आहे. ना नफा ना तोटा होण्यासाठी महिन्याला किती वडापाव विकावे लागतील, एवढंच काढायचंय. तिसऱ्या आवृत्तीत जागेचं भाडं आणि पोऱ्याचा पगार मिळून स्थिर खर्च 15,000 रुपये, वडापावची किंमत 15 रुपये आणि एकामागचा बदलता खर्च 9 रुपये होता. एकामागे 6 रुपये सुटतात, 15,000 भागिले 6, उत्तर 2,500. चौथी आवृत्ती काढेपर्यंत पावाची लादी महागली, तेल महागलं आणि 15 रुपयांचा वडापाव वाचून मुलंच हसायला लागली. म्हणून किंमत 20, बदलता खर्च 12 आणि स्थिर खर्च 18,000 केला. आता एकामागे 8 रुपये सुटतात आणि उत्तर 2,250 येतं.

म्हणजे मुलाचं उत्तर बरोबर, सरांचंही बरोबर आणि पुस्तिकाही बरोबर. फक्त पुस्तक तिसऱ्या आवृत्तीचं होतं आणि उत्तरपुस्तिका चौथीची. पुस्तक अप्पा बळवंत चौकातून निम्म्या किमतीत जुनं घेतलेलं, पुस्तिका मैत्रिणीकडून आणलेली. जुनी पुस्तकं घेण्यात गैर काहीच नाही, आम्हीही तशीच शिकलो. पण ही एक जोडी जुळली नाही तर विद्यार्थ्याची अख्खी संध्याकाळ स्वतःची चूक शोधण्यात जाते, आणि चूक तर झालेलीच नसते.

आवृत्ती कुठे बघायची?

मुखपृष्ठावर नाही. आतल्या शीर्षकपानाच्या मागे श्रेयपान असतं, तिथे. 'चौथी आवृत्ती' आणि 'तिसऱ्या आवृत्तीचं दुसरं पुनर्मुद्रण' हे दोन्ही वेगळं आहे. पुनर्मुद्रणात आम्ही फक्त छपाईच्या चुका दुरुस्त करतो, एकही आकडा बदलत नाही. त्यामुळे पुनर्मुद्रण नवं दिसलं तरी पुस्तिका जुन्या आवृत्तीचीच लागते. आधीच्या मालकानं पहिल्या पानावर निळ्या पेनानं घातलेल्या वर्षावर विसंबू नका. पुस्तिकेच्या पाठीवर आवृत्तीचा आकडा ठळक छापलेला आहे. दोन्हीकडचा आकडा एकच असला की झालं.

आमच्याकडूनही एकदा घोटाळा झाला, तो लपवत नाही. गठ्ठे बांधताना एका कॉलेजच्या सगळ्या नव्या पुस्तकांबरोबर जुन्या पुस्तिका गेल्या. त्या आठवड्यात फोन ठेवायला वेळ नव्हता. तेव्हापासून पाठीवर आकडा छापतो.

मग आकडे बदलताच कशाला?

हा प्रश्न थोडा रागावून विचारला जातो. दरवेळी नवं पुस्तक घ्यायला लावण्याची युक्ती, असं काही पालकांचं मत आहे. वडापावच्या किमतीसाठी कोणी आवृत्ती काढत नाही. व्यवसायाच्या पुस्तकातला निम्मा मजकूर कायद्याच्या आकड्यांवर उभा असतो आणि ते आकडे आमच्या हातात नाहीत.

ग्राहक संरक्षणाचं प्रकरण घ्या. जिल्हा पातळीवर किती रकमेपर्यंतची तक्रार करता येते? 1986 च्या कायद्याखाली, शेवटच्या काळात, ही मर्यादा 20 लाख रुपये होती. 2019 चा कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाला, तेव्हा ती 1 कोटी झाली. डिसेंबर 2021 मध्ये नियम बदलून ती 50 लाखांवर आणली. वर्गात तीन काळातली तीन पुस्तकं असली तर तीन उत्तरं येणार, आणि तिन्ही छापील. शिवाय मोजायचं काय, तेही बदललं. पूर्वी मालाची किंमत आणि मागितलेली भरपाई मिळून रक्कम धरायचे. आता ग्राहकानं प्रत्यक्ष मोजलेली किंमत धरतात.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचंही तेच. स्वाध्यायात एक कारखाना आहे: यंत्रसामग्री 1 कोटी 80 लाखांची, वर्षाची उलाढाल 8 कोटी. जुलै 2020 पासूनच्या व्याख्येत सूक्ष्म उद्योगाला गुंतवणुकीची मर्यादा 1 कोटी आणि उलाढालीची 5 कोटी होती, म्हणून हा कारखाना लघु ठरायचा. 1 एप्रिल 2025 पासून त्याच मर्यादा अडीच कोटी आणि 10 कोटी झाल्या. एक खिळाही न हलता तो कारखाना सूक्ष्म झाला. इथे जुनं उत्तर लिहिणाऱ्या मुलाचा काय दोष? आणि नवं छापणाऱ्या आमचा तरी काय?

म्हणून चौथ्या आवृत्तीपासून कायद्याच्या प्रत्येक आकड्याशेजारी समासात छोट्या अक्षरांत तारीख दिली आहे. पुस्तकातली सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात कमी वाचली जाणारी गोष्ट तीच. परीक्षेत आकडा लिहाल तेव्हा तो कधीपासूनचा आहे हेही लिहा. तपासणाऱ्यांच्या हातात जुनं पुस्तक असलं तरी तुमचं उत्तर अडत नाही.

बाकीच्या सोयींबद्दल थोडक्यात. प्रकरणाच्या सुरुवातीची उद्दिष्टं आधी नाही, प्रकरण संपल्यावर वाचा. एखादं समजलं नाही तर कुठे परत जायचं ते कळतं. जाड ठशातल्या संज्ञा शेवटच्या संज्ञासूचीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावांनी आहेत, कारण पुढच्या वर्षी माध्यम बदलणारी मुलं दरवर्षी असतात. क्यूआर कोड फाटला किंवा स्कॅन होत नसेल तर त्याखालचा पत्ता टाइप करा, त्यासाठी आम्हाला फोन नको.

प्रसंगांची उत्तरं का नाहीत?

दुसरा नेहमीचा प्रश्न. प्रत्येक प्रकरणाअखेर एक खरा व्यवसाय दिलाय आणि त्याखाली प्रश्न आहेत. गणितांची उत्तरं देतो, प्रसंगांची देत नाही, देणारही नाही.

लिज्जत पापडाचा प्रसंग बघा. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, इथून तो सुरू होतो. प्रश्न आहे, 'ही व्यवसाय संघटनेची कोणती पद्धत?' बहुतेक मुलं 'सहकारी संस्था' लिहून मोकळी होतात. पण संस्थेची नोंदणी 1966 साली झाली ती 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, सहकारी संस्थांच्या कायद्याखाली नाही. कारभार मात्र सहकाराच्या तत्त्वावर, पापड लाटणाऱ्या बहिणीच मालकीण. आता उत्तर काय लिहाल? आम्ही एक ओळ छापली तर सगळा वर्ग तीच ओळ उतरवेल. मजा आहे ती 'नोंदणी एक, वागणूक दुसरी' हे लक्षात येण्यात. शिक्षकांसाठी चर्चेचे मुद्दे वेगळे काढलेत. कॉलेजच्या पत्त्यावरून मागितले तर पाठवतो, विद्यार्थ्यांना नाही. कृपया मोठा भाऊ प्राध्यापक असल्याचं सांगू नका, तो प्रयोग झालेला आहे.

उत्तरपुस्तिका वेगळी कशाला?

पूर्वी उत्तरं पुस्तकाच्या शेवटी असायची. मुलं डाव्या हाताचं बोट शेवटच्या पानात घालूनच गणित सोडवायची, असं शिक्षकांनी इतक्या वेळा सांगितलं की आम्ही तो एक फर्मा, म्हणजे 16 पानं, पुस्तकातून काढून वेगळा बांधला. नव्या पुस्तकाबरोबर पुस्तिका मोफत मिळते. हरवली तर 20 रुपये.

जुनं पुस्तक असलं तर काय करायचं? तिसरी आवृत्ती असेल तर टाकून देऊ नका. तिची पुस्तिका आमच्याकडे अजून शिल्लक आहे, आणि बदललेल्या आकड्यांची आठ पानी पुरवणी मोफत देतो, पीडीएफही पाठवतो. पुरवणी मागच्या कव्हरात खोचून ठेवली की वर्ष निघतं. पहिली किंवा दुसरी असेल तर मात्र प्रामाणिकपणे सांगतो, नवं घ्या. त्यातला जीएसटी येण्याआधीचा विक्रीकर वाचून फक्त गोंधळ वाढेल. जुनी प्रत आणून दिलीत तर चौथ्या आवृत्तीवर पंचवीस टक्के सूट आहे. ग्रंथपालांनी दहा किंवा जास्त प्रती बदलून घेतल्या तर वाहतूक आमची.

आणि तरीही उत्तर चुकलंय असं वाटलं तर जरूर कळवा. चौथ्या आवृत्तीतल्या दोन खऱ्या चुका विद्यार्थ्यांनीच दाखवल्यात, आणि दोघांनाही नवी प्रत घरपोच गेली. फक्त फोन करण्याआधी तीन फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा: श्रेयपानाचा, पुस्तिकेच्या पाठीचा आणि तुम्ही सोडवलेल्या गणिताचा. पहिले दोन पाठवायला घेतले की बऱ्याच जणांना तिसरा पाठवावा लागत नाही.