ऑनलाइन डॉक्टर फक्त स्मार्टफोनवाल्यांसाठी? नाही!

‘ऑनलाइन डॉक्टर म्हणजे शहरातल्या तरुणांची सोय’ हा समज चुकीचा आहे. केंद्र सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याच्या सेवेवर (सुरुवात २०१९) बहुतेक सल्ले आरोग्य केंद्रांतूनच घेतले जातात. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब आणि साखर मोजतात, माहिती भरतात आणि व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलणं करून देतात. स्वतःचा फोन लागत नाही, पैसेही नाहीत. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या आजींचा तालुक्याला हेलपाटा वाचतो आणि सोबत जाणाऱ्या मुलाची मजुरी बुडत नाही, मोठा फायदा हाच. जाताना जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं जरूर न्या. ‘ती पांढरी गोळी’ एवढ्यावरून डॉक्टरांना औषध ओळखता येत नाही. छातीत दुखत असेल, तर मात्र व्हिडिओची वाट पाहू नका. थेट १०८ लावा.