सेटची नक्कल की जुळणारे ठोकळे? खोका घेण्याआधी आणि उघडल्यावर काय तपासायचं

तुळशीबागेत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा ऑनलाइन दुकानात 'लेगोसारखंच, फक्त कंपनी दुसरी' म्हणून जो खोका समोर येतो, त्यात बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. पहिली म्हणजे लेगो या एकमेकांत बसणारे ठोकळे बनवणाऱ्या डॅनिश कंपनीच्या एखाद्या ठरावीक सेटची सरळ उचल: तेच मॉडेल, तोच फोटो, तीच पुस्तिका, बदललेलं असतं ते फक्त नाव. दुसरी म्हणजे लेगोच्या ठोकळ्यांत नीट बसणारे, पण दुसऱ्या कंपनीने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या डिझाइनने काढलेले ठोकळे. बाजारात दोन्ही 'डुप्लिकेट लेगो' म्हणूनच विकले जातात. त्यामुळे चांगल्या कंपनीचा माल उगाच बदनाम होतो आणि चोरीचा माल 'सगळे तसंच करतात' म्हणून खपून जातो.

ठोकळे एकमेकांत बसणं ही चोरी नाही, हे आधी पक्कं करू. वर गोल स्टड (उंचवटे) आणि पोटात पोकळ नळ्या या रचनेच्या पेटंटसाठी लेगोने २८ जानेवारी १९५८ रोजी डेन्मार्कमध्ये अर्ज केला. त्या पेटंटांची मुदत कधीच संपली आहे. (त्याआधी १९४९ मध्ये लेगोने जे पहिले जुळणारे ठोकळे काढले, तेही ब्रिटनमधल्या हिलरी फिशर पेज यांच्या किडीक्राफ्ट ठोकळ्यांवरून घेतलेले होते.) पेटंट संपल्यावर ठोकळ्याचा आकार ट्रेडमार्क म्हणून राखायचा लेगोचा प्रयत्न कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात २००५ मध्ये आणि युरोपियन न्यायालयात २०१० मध्ये फसला. आकार हा कामासाठी आहे, ओळखीसाठी नाही, असं दोन्हीकडे ठरलं. छोट्या माणसाच्या आकृतीचं मात्र उलट झालं. २०१५ मध्ये युरोपात लेगोच्या त्या आकृतीचा ट्रेडमार्क टिकला.

खोक्यावरून ओळखायची पहिली खूण यातूनच मिळते. पोलंडच्या कोबीसारखी कंपनी ठोकळे जुळणारे बनवते, पण माणसाचं डोकं, पाय, धड वेगळ्या घडणीचं ठेवते. खोक्यावरची माणसं हुबेहूब लेगोची असतील, एखाद्या गाजलेल्या चित्रपटातली पात्रं असूनही परवान्याचा एकही शब्द नसेल, नावाचं स्पेलिंग एखाद्या अक्षराने फिरवलेलं असेल, तर ती नक्कल. शंका असेल तर मॉडेलचा फोटो लेगोच्या त्याच विषयाच्या सेटशी ताडून बघा. खिडक्यांची संख्या, झेंड्याचा कोन, सगळं जुळलं तर वेगळा पुरावा लागत नाही.

नकलेचं सर्वांत मोठं प्रकरण लेपिनचं. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या शांतौ शहरात खेळण्यांचे असंख्य कारखाने आहेत, तिथला हा ब्रँड. अस्सल सेट विकत आणायचे, ते सुटे करायचे, प्रत्येक पार्टचं रेखाटन करून साचे पाडायचे, ही त्यांची पद्धत. एप्रिल २०१९ मध्ये शांघाय पोलिसांनी छापा घालून नव्वदहून अधिक साचे आणि सुमारे २० कोटी युआनचा माल जप्त केला. २०२० मध्ये नऊ जणांना शिक्षा झाली. त्यातल्या मुख्य आरोपीला सहा वर्षं तुरुंगवास आणि ९ कोटी युआन दंड झाला. ब्रँड गेला, पण त्याच धाटणीचा माल रोज नवीन नावांनी येत राहिला. म्हणून नक्कल सेटमध्ये पार्ट कमी निघाला तर तो मागायचा कुणाकडे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो. स्वतःच्या नावाने विकणाऱ्या कंपनीला हरवलेला पार्ट पाठवावा लागतो, कारण पुढचा सेटही तिला त्याच नावाने विकायचा असतो.

मधे आणखी एक प्रकार आहे आणि तो जास्त फसवा आहे. मॉडेल लेगोचं नसतं, पण कुणा हौशी रचनाकाराने रिब्रिकेबलसारख्या संकेतस्थळावर ठेवलेलं असतं आणि कारखाना ते न विचारता उचलतो. काही कंपन्या रचनाकाराची परवानगी घेतात आणि त्याचं नाव खोक्यावर छापतात. नाव नसेल तर शंका घ्यावी. अशा चोरीत खरेदीदाराचंही नुकसान आहे. बरीच हौशी मॉडेलं कॉम्प्युटरवर रचलेली असतात. उचलणारा कारखाना एकदाही जोडून न बघता पार्ट भरतो. तीन हजार पार्टचं जहाज जोडत आणलं की मधोमध वाकतं, कारण आतल्या सांगाड्याला आडवे दुवेच नसतात.

आता प्लास्टिकबद्दल. कायद्याच्या बाजूने स्वच्छ असलेला सेट दर्जाने चांगला असेलच असं नाही, आणि नकलेतलं प्लास्टिक नेहमी टाकाऊच असतं असंही नाही. गोब्रिक्स नावाची कंपनी पार्ट बनवून अनेक ब्रँडना पुरवते, म्हणजे एकाच साच्यातला ठोकळा वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत असू शकतो. खुद्द लेगोचे काही वर्षांपूर्वीचे तपकिरी आणि गडद लाल पार्ट काढताना तडकतात, हे जुने सेट बाळगणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून नाव बघून निकाल न देता ठोकळाच तपासावा.

सगळ्यात आधी माप. दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची स्टड सोडून ९.६, चपट्या प्लेटची ३.२ आणि स्टडचा व्यास ४.८ मिलिमीटर. दोन बाय चारचा ठोकळा ३२ बाय १६ नसतो, तो ३१.८ बाय १५.८ असतो. शेजारी ठोकळा बसावा म्हणून ०.२ मिलिमीटरची फट सोडलेली असते. नक्कल बहुतेक वेळा चुकते ती इथेच. एबीएस (हे ठोकळे ज्याचे बनतात ते टणक प्लास्टिक) साच्यात थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. तयार ठोकळा मोजून त्याच मापाचा साचा पाडला आणि हे आकसणं धरलं नाही, तर ३१.८ मिलिमीटरवर सुमारे ०.१६ मिलिमीटरचा फरक पडतो. एका ठोकळ्यात तो कळत नाही. एका ओळीत वीस ठोकळे लावून भिंत उभारली की तीन मिलिमीटर होतात आणि छप्पर बसत नाही.

यासाठी वर्नियर कॅलिपर हवाच असं नाही. तीन प्लेटा एकमेकींवर बसवून एका ठोकळ्याशेजारी ठेवा आणि वरच्या कडेवरून नख फिरवा. पायरी लागली तर उंची चुकली आहे. मग पाच प्लेटा बसवा. ही उंची १६ मिलिमीटर, म्हणजे स्टडांमधल्या अंतराच्या नेमकी दुप्पट असायला हवी. आजच्या बहुतेक मॉडेलांत ठोकळे आडवे लावून नक्षी केलेली असते आणि ती याच हिशोबावर उभी असते. हा हिशोब जिथे चुकतो तिथे भिंती फुगतात आणि फटी दिसतात. दहा ठोकळ्यांचा मनोरा स्टड सोडून ९६ मिलिमीटर भरला पाहिजे. चाळीस-पन्नास रुपयांच्या धातूच्या पट्टीनेही ते कळतं. सोनाराचा छोटा काटा असेल तर दोन बाय चारचे दहा ठोकळे तोला. अस्सल ठोकळा सुमारे २.३ ग्रॅमचा, म्हणून दहांचे २३ ग्रॅम. आकडा बराच खाली आला तर भिंती पातळ ठेवून दाणा (कच्चं प्लास्टिक) वाचवलेला आहे.

पकड हा दुसरा मुद्दा. ती एबीएसच्या लवचीकपणावर चालते. स्टड आत जाताना भिंत आणि नळी किंचित ताणली जातात आणि परत दाबून धरतात. एक मोठी प्लेट घ्या, तिच्यावर एक बाय एकचे पाच-सहा पार्ट बसवा, उलटी धरून मागून टिचकी मारा. एकही पडता कामा नये. मग तेच दोन ठोकळे वीस वेळा जोडा आणि काढा. विसाव्यांदा ते स्पष्टपणे सैल लागले तर प्लास्टिक मऊ आहे किंवा भिंत कायमची ताणली गेली आहे. फार घट्ट पकड हाही दोषच. मुलं मग दातांनी काढतात किंवा सुरी घेतात. पण सगळ्यात वाईट म्हणजे एकाच सेटमधली असमान पकड. एका साच्यात एकाच पार्टचे अनेक खण असतात आणि ते सारखे झिजत नाहीत. काही पार्ट घट्ट, काही ढिले निघाले की दाब देताना ढिला भाग सुटतो आणि दहा पायऱ्या मागे जावं लागतं.

प्लास्टिक कसलं आहे, हे नाक आणि कान सांगतात. चांगल्या एबीएसला जवळजवळ वास नसतो. खोका उघडताच रॉकेल किंवा थिनरसारखा भपका आला तर भंगारातून केलेला दाणा किंवा हलका रंग वापरलेला असण्याची शक्यता मोठी. एक बाय सहासारखा लांब पार्ट फरशीवर टाकला तर एबीएसचा आवाज बोदा येतो. टणक, काचेसारखा टणत्कार आला तर ते पॉलिस्टायरीन असू शकतं, आणि पॉलिस्टायरीन वाकत नाही, सरळ मोडतं. पारदर्शक पार्टांत हे हमखास सापडतं. लेगोने त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं पॉलिकार्बोनेट वापरलं. नकलेतली काच घासलेली, पिवळसर, कधी आत बुडबुडा असलेली असते. एकाच रंगाचे दहा पार्ट पांढऱ्या कागदावर, उन्हाच्या उजेडात शेजारीशेजारी ठेवा. छटा बदलत असेल तर मोठी भिंत ठिगळं लावल्यासारखी दिसणार. प्लास्टिक साच्यात शिरतं त्या जागेचा ठिपका कुठे आहे तेही बघा. चांगला कारखाना तो झाकल्या जाणाऱ्या बाजूला ठेवतो, स्वस्तातला दर्शनी बाजूला सोडून देतो. कडेला बोटाला लागणारी पातळ बर (साच्याच्या फटीतून निसटलेलं जादा प्लास्टिक) हे साचा झिजल्याचं लक्षण.

टेक्निक प्रकारच्या सेटमध्ये गिअर आणि दांडे असतात, तिथे हलक्या मालाचं पितळ लवकर उघडं पडतं. पाच भोकांच्या तुळईतून दांडा आरपार घाला आणि बोटाने फिरवा. तो अडखळला तर पुढे मोटर लावून उपयोग नाही. दांड्याच्या दोन टोकांना गिअर लावून एक धरा, दुसरा पिळा. दांडा पीळ घेऊन तसाच राहिला तर बाजूला काढा.

पुस्तिका, पिशव्या आणि स्टिकर यांनी सेट मोडत नाही, पण जोडणाऱ्याचा जीव जातो. पिशव्यांवर क्रमांक नसतील तर पंधराशे पार्ट आधी निवडत बसावं लागतं. स्कॅन केलेल्या पुस्तिकेत काळा आणि गडद राखाडी एकसारखे दिसतात. लेगोच्या पुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, नकलेचा सेट घरात असेल तर त्या बघून जोडणं सोपं जातं. कोबी स्टिकरऐवजी पार्टावरच छपाई करते. स्टिकर कुठलाही असो, आपल्याकडच्या दमट हवेत त्याची कड कालांतराने उचलतेच.

मुलांसाठी घेताना मात्र या सगळ्याच्या आधी एक गोष्ट बघायची. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आयात मालावरसुद्धा. चिन्हाखाली सीएम/एल आणि पुढे आकडा असतो. तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, कुठल्या मालासाठी आणि चालू आहे का, हे लगेच दिसतं. दुसऱ्याच कंपनीचं नाव आलं तर चिन्ह नुसतं छापलेलं आहे. आयएस ९८७३ या मानकाच्या वेगवेगळ्या भागांत टोकदार कडा, ज्वलनशीलता, प्लास्टिकमधून सुटणारी जड मूलद्रव्यं आणि थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) यांची तपासणी येते. यातलं काहीही घरी कळण्यासारखं नाही. खोक्यावर '१४+' छापलं की ही सक्ती टाळता येते, म्हणून आठ वर्षांच्या मुलाला आवडेल अशा रणगाड्यावर किंवा गाडीवर '१४+' आणि आयएसआय गायब, अशी जोडी दिसली तर तो माल मुलांसाठी तपासलेला नाही असंच समजावं.

फोटोवरून मागवताना तयार मॉडेलची सेंटिमीटरमधली लांबी वाचा. जपानच्या कावादा कंपनीच्या नॅनोब्लॉकचा सर्वांत लहान ठोकळा ४ बाय ४ बाय ५ मिलिमीटरचा असतो. त्या धर्तीचे 'मिनी' सेट लेगोत बसत नाहीत आणि त्यांचे हजार पार्ट तळहातावर मावतात.

दोन्ही प्रकार घरातल्या एकाच डब्यात गेले तरी नंतर वेगळे काढता येतात. लेगोच्या प्रत्येक स्टडवर लेगो अशी उठावाची अक्षरं असतात, इतरांचा स्टड कोरा असतो किंवा त्यावर त्यांचं चिन्ह असतं. वापरलेले ठोकळे किलोवर विकत घेताना मूठभर काढून हेच बघावं. धुताना ४० अंशांपर्यंतचं कोमट पाणी आणि साधा साबण पुरतो, उकळत्या पाण्याने प्लेटा वाकतात. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर ब्रँड कुठलाही असो, ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावणारा पार्ट त्याच्या हाती लागू देऊ नये. त्या वयासाठी डुप्लोच्या (लेगोच्याच लहान मुलांसाठीच्या मोठ्या ठोकळ्यांच्या) मापाचे ठोकळे घ्यावेत, म्हणजे प्रत्येक माप दुप्पट, स्टडचं अंतर १६ मिलिमीटर. ते पुढे लहान ठोकळ्यांवरही बसतात.