पोटासाठी की पिल्लांसाठी: परोपजीवी गांधीलमाशीच्या शोधाची पार्श्वभूमी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या इमारतींत कढीपत्त्याच्या कुंडीवर लिंबू फुलपाखराची अंडी जपणाऱ्यांना कधी कधी एक कोडे पडते. पिवळसर अंडे सुरवंट न देता एकसारखे काळे पडते आणि काही दिवसांनी त्यातून जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचे कीटक बाहेर येतात. हे ट्रायकोग्रामा या दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाशीचे काम आहे, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. सातव्या मजल्यावरचे ते एक अंडे तिला सापडले कसे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो, आणि या विषयाचा सगळा इतिहास त्याच प्रश्नाभोवती फिरलेला आहे.

त्या इतिहासात शिरण्यापूर्वी एका शब्दाचा गुंता सोडवावा लागतो. इंग्रजीतील ‘फोरेजिंग’ला मराठीत कोणी ‘अन्नशोध’ म्हणतात, कोणी ‘भक्ष्यशोध’. परोपजीवी माशीच्या बाबतीत हे दोन्ही शब्द दिशाभूल करतात. मादी पानोपानी हिंडते ती बहुतांशी स्वतःच्या पोटासाठी नव्हे, तर अंडे घालण्याजोगा यजमान कीटक मिळावा म्हणून. तो यजमान खाणार असते तिची अळी. तिचे स्वतःचे पोट भरते फुलांतील मधुरसावर किंवा मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवावर. म्हणजे एकाच माशीचे दोन वेगळे शोध चाललेले असतात, दोहोंच्या जागा वेगळ्या, आणि एकावर खर्च झालेला वेळ दुसऱ्यातून वजा होतो. त्यातही काही जाती यजमानालाच टोचून त्याच्या अंगातला द्रव पितात आणि त्यावर पुढची अंडी पोसतात. अशा मादीपुढे प्रत्येक यजमानापाशी ‘खावे की अंडे घालावे’ असा निवाडा उभा राहतो. ‘भक्ष्यशोध’ या एका शब्दात हे सारे कोंबले की अर्धे वर्तन दिसेनासे होते. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘यजमानशोध’ आणि ‘अन्नशोध’ असे दोन शब्द वेगळे ठेवणेच बरे.

शब्दाचा हा घोळ केवळ मराठीपुरता नाही. संशोधनही दीर्घकाळ एकाच शोधाकडे पाहत राहिले. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका कीटकशास्त्रज्ञाने आणि एका भौतिकशास्त्रज्ञाने मांडलेल्या गणितात माश्यांचा समूह यजमानांचा शोध यदृच्छेने घेतो, असे गृहीत धरलेले होते. त्याच दशकात ट्रायकोग्रामावर इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांनी वेगळे चित्र दाखवले. दुसऱ्या माशीने चालून गेलेले अंडे ही मादी टाळते; आधीच्या माशीचा त्यावर राहिलेला वास धुऊन काढला तर ती अंड्यात अंडी घालण्याची नळी खुपसण्यापर्यंत जाते, पण आत आधीचे अंडे असल्याचे कळून पुष्कळदा परत फिरते. तरीही ‘व्यापलेल्या’ यजमानात अंडे घातले गेलेच तर त्याला चूक मानण्याची पद्धत पुढे कित्येक वर्षे टिकली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती मागे पडली, कारण मोकळे यजमान दुर्मीळ असतील आणि प्रतिस्पर्धी अनेक असतील, तर दुसऱ्याच्या यजमानात अंडे घालणे हाच फायद्याचा डाव ठरतो, हे पटू लागले.

१९७०च्या दशकात या माश्यांना अचानक महत्त्व आले. अन्न शोधणाऱ्या प्राण्याने एखादी जागा कधी सोडावी याचे गणित १९७६ मध्ये मांडले गेले, आणि ते तपासायला गांधीलमाशी सोयीची होती: पक्ष्याने टिपलेल्या दाण्याचे पिल्लांत रूपांतर किती झाले हे मोजणे कठीण, इथे मात्र सापडलेला यजमान म्हणजे जवळजवळ थेट संतती. साठवलेल्या धान्यातील पतंगांच्या अळ्यांवर जगणाऱ्या एका जातीवर १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले की माशी हिशेब मांडत बसत नाही. अळीचा वास तिला जागेवर धरून ठेवतो, ही ओढ सवयीने विरत जाते, आणि प्रत्येक अंडे घातल्यावर मुक्काम पुन्हा थोडा वाढतो. ही सोय मोठी होती, पण तिच्यामुळेच मधुरसाचा प्रश्न आणखी मागे पडला.

१९९० मध्ये मक्याच्या रोपांवरील प्रयोगांतून कळले की अळीने कुरतडलेले पान विशिष्ट वास सोडते आणि माशी त्या वासाच्या दिशेने येते. अळी स्वतः गंध लपवू पाहते, चुगली झाड करते. असे वास माशी अनुभवातून शिकतेही. २००५ मध्ये युरोपात कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराबाबत याहून मजेशीर गोष्ट आढळली: मीलन झालेल्या मादीच्या अंगावरचा, नराने मागे ठेवलेला गंध ओळखून ट्रायकोग्रामा तिच्यावर स्वार होते आणि अंड्यांपर्यंत फुकट प्रवास करते. सातव्या मजल्याच्या कोड्याचे हे एक संभाव्य उत्तर आहे. वाऱ्यावर वाहत येणे हे दुसरे.

ठाणे जिल्ह्यातील भातशेतीत या साऱ्याचा संबंध येतो तो ट्रायकोकार्डामुळे. तांदळातील पतंगाची परोपजीवित अंडी चिकटवलेल्या, सुमारे २० हजार अंड्यांच्या या कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला टाचतात, म्हणजे माश्या बाहेर पडून खोडकिड्याच्या अंडीपुंजांचा शोध घेतात. चालत वा उडत त्या स्वबळावर फार लांब जात नाहीत, म्हणून पट्ट्या शेतभर विखुरतात. हेक्टरी किती माश्या, किती दिवसांनी, हे शिफारशींत नेमके सांगितलेले असते. त्या माश्यांनी काय खावे याबद्दल मात्र पुष्कळदा अक्षरही नसते. गोड खाद्य मिळाले तर त्यांचे आयुष्य कित्येक पटींनी लांबते, आणि चीन, थायलंड व व्हिएतनाममधील भातखाचरांच्या बांधांवर तीळ यांसारखी फुलणारी पिके लावून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कीटकनाशकांची गरज लक्षणीय घटलेली दिसली. आपल्याकडे तूर वा तीळ बांधावर लावण्याची रीत नवी नाही. कुंडीतल्या बागेत हीच उणीव वेगळ्या रूपात दिसते: कढीपत्ता असतो, त्यावर फुलपाखराची अंडीही असतात, पण शेजारच्या तुळशीच्या मंजिऱ्या रोप दाट व्हावे म्हणून फुलण्याआधीच खुडलेल्या असतात.